गोळीला रंग कोणता शोभेल?

अमेरिकेत काटकसर करायची तर आधी मोठं गॅरेज लागतं. आपली काटकसर स्वयंपाकघरातल्या एका फडताळात मावते: दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, सुतळीचे तुकडे, दिवाळीच्या मिठाईचे खोके. डॅलसच्या एका उपनगरात आमच्या लेकीच्या शेजारी जे गृहस्थ राहतात त्यांची काटकसर दोन मोटारींच्या गॅरेजातही मावत नाही. त्यामुळे त्यांच्या दोन्ही मोटारी टेक्सासच्या उन्हात भाजत उभ्या असतात आणि गॅरेजात एसी चालू असतो. मोटारींपेक्षा आतल्या मालाला ऊन जास्त बाधतं, असं त्यांचं म्हणणं.

हे गृहस्थ झाडलेली काडतुसं पुन्हा भरतात. त्यांचं नाव इथे सांगण्याचं कारण नाही. मी मनातल्या मनात त्यांना बापू म्हणतो. सत्तरीचं वय, चकचकीत टक्कल, कपाळावर चढवलेला चष्मा आणि समोरच्याचं कोपर धरून मुद्दा पटवायची सवय. सदाशिव पेठेत असे बापू वाड्यागणिक एक होते. ते घड्याळं दुरुस्त करत किंवा होमिओपॅथीच्या पुड्या बांधत. टेक्सासमधले बापू गोळ्यांना रंग देतात.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. बार उडाला की दारू जळते, प्रायमर फुकट जातो, गोळी पुढे जाते. मागे राहते ती पुंगळी, आणि चौघांत सगळ्यात महाग तीच. ती पुन्हापुन्हा भरता येते. हे एकदा कळलं की माणूस जमिनीकडे बघत चालायला लागतो. नेमबाजीच्या मैदानावर मी पाहिलंय, निवृत्त न्यायाधीश वाटावेत असे भारदस्त लोक कमरेत वाकून दुसऱ्यांच्या पुंगळ्या वेचत असतात. दोघांचा हात एकाच पुंगळीवर पडला तर दोघंही आधी ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ करतात. मग तिसराच उचलतो. काही मैदानांवर जमिनीवर पडलेलं पितळ मैदानाच्या मालकीचं, अशी पाटी असते. तिथे बापू जात नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणतात.

वेचलेल्या पुंगळ्या घासाव्या लागतात. त्यासाठी थरथरणारं एक भांडं असतं आणि त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घालतात. हाच भरडा प्राण्यांच्या दुकानात पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला विकतात आणि तिथे तो स्वस्त पडतो. त्यामुळे त्या दुकानातली मुलगी बापूंना गेली कित्येक वर्षं ‘तुमचे सरडे कसे आहेत?’ असं विचारते आणि बापूही ‘मजेत आहेत’ म्हणतात. बंदुकीचं सांगितलं तर समोरचा माणूस वाद घालायला उभा राहतो, सरड्यांवर कोणी वाद घालत नाही, हा त्यांचा अनुभव.

मी पुण्याचा म्हटल्यावर बापूंनी कोपर सोडलं, कपाटातून चिरूटाची एक पेटी काढली आणि तीतून एक जुनी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. थ्री-नॉट-थ्रीची. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरं. के म्हणजे किरकी, म्हणजे आपली खडकी! तिथला दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. डॅलसच्या गॅरेजात खडकी भेटल्यावर माझा ऊर भरून आला, पण बापूंचा चेहरा आंबट. “ही भरता येत नाही,” ते म्हणाले.

कारण असं. पुंगळीच्या बुडाला आतून एकच भोक मधोमध असलं तर वरून सुई घालून जळका प्रायमर ढकलून काढता येतो. ही बॉक्सरची पद्धत. दुसरी बर्डनची: तीत मध्ये एक उंचवटा असतो आणि बाजूला दोन बारीक छिद्रं, त्यामुळे सुई घालायला जागाच नाही. दोन्ही पद्धती 1866 च्या सुमाराच्या. गंमत अशी की हायरम बर्डन हा अमेरिकन आणि एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज. अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बहुतेक लष्करांनी अमेरिकनाची. खडकीची ती पुंगळी बर्डनची निघाली. एकदा दिलेला माल कोणत्याही सबबीवर पुन्हा भरून मिळणार नाही, हे पुण्याच्या काडतुसाने टेक्सासच्या माणसाला सांगावं यात मला तरी काही वावगं दिसलं नाही. बापूंनी ती पुंगळी परत पेटीत ठेवली. टाकली मात्र नाही. काटकसर करणारा माणूस काहीच टाकत नाही.

आता रंगाकडे येतो, कारण बापूंचा जीव खरा तिथे गुंतलाय.

शिसं मऊ. बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात आणि गोळी त्यांतून गिरक्या घेत जाते. नुसतं शिसं या प्रवासात खाचांना घासतं, मागून येणारा तप्त वायू त्याच्या कडा वितळवतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. तो काढायला ब्रश, तेल आणि अख्खा रविवार लागतो. मी बापूंना म्हटलं, यात काय नवल, आमच्याकडे पितळेच्या पातेल्यात आंबट वरण ठेवलं की कळकायचं, म्हणून कल्हई करत. दारात भाता लावून बसलेला कल्हईवाला, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत चंदेरी होणारं भांडं, हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. बापूंनी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “किती अंशांवर?” आमच्या कल्हईवाल्याने हा प्रश्न जन्मात ऐकला नसेल. तो हाताने धग बघायचा.

शिशाला काहीतरी माखायचं, हा उद्योग जुना. अमेरिकेत दीडशे वर्षं तरी लोक गोळीच्या अंगावरच्या खाचांत मधमाश्यांचं मेण आणि चरबी यांचं काहीबाही मिश्रण भरत आलेत. प्रत्येकाची कृती वेगळी आणि प्रत्येकाची गुप्त. मेणाचा धूर फार होतो, वास कपड्यांना लागतो, बोटं चिकट होतात आणि चिकट गोळीला वाटेतली सगळी धूळ येऊन बसते.

या बाबतीत अमेरिकनांनी आपल्याला काही शिकवायची गरज नाही. गोळीला काय माखलंय या एका प्रश्नावर आपल्याकडे सरकार हादरलं होतं. 1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली, तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली आणि तो कागद दाताने तोडायचा. गाईची की डुकराची यावरून डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली ती जानेवारी 1857 मध्ये. सरकारने घाईघाईने जाहीर केलं की शिपायांनी हवं ते वंगण बाजारातून आणावं आणि स्वतःच्या हाताने लावावं; मेण आणि तेल चालेल. पुढे दाताऐवजी हाताने फाडायचीही मुभा दिली. पण अफवेला एकदा पाय फुटले की खुलाशाला कोण विचारतो? त्याच सुमारास पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाले होते. महूला पोचले तर शिपायांच्या तोंडून दक्षिणेऐवजी काडतुसांचीच हकीकत ऐकायला मिळाली. हे सगळं बापूंना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मेण आणि तेल? प्रमाण काय होतं?”

चरबीला पर्याय म्हणून शिशावर तांब्याचा अंगरखा चढवायची युक्ती स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने 1882 साली काढली. जगभरच्या लष्करांनी ती उचलली, पण तांब्याला पैसे पडतात. मग 1990 च्या दशकात मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाच्या काळ्या भुकटीची साथ आली. गोळ्या काळ्या, बोटं काळी, नाकाचं टोकही काळं. ती साथ ओसरली. आता राज्य आहे ते रंगीत लेपांचं. ऑस्ट्रेलियातून आलेला एक पातळ लेप आहे, तो गोळ्यांना चोळून भाजतात, पुन्हा चोळतात, पुन्हा भाजतात. आणि दुसरं आपल्या चांगल्या ओळखीचं: पावडर कोटिंग. होय, तेच. आपल्या खिडकीच्या स्लायडिंगला आणि छताच्या पंख्याला करतात ते. ‘सर, फिकट तपकिरी घ्या, भिंतीला मॅच होईल’ असं फॅब्रिकेटर सांगतो, त्याच डब्यातली पावडर. तांब्यापेक्षा स्वस्त, मेणापेक्षा स्वच्छ, आणि शिशाचा हाताशी थेट संबंध येत नाही. बहुतेक प्रायमरमध्ये मात्र शिशाचं संयुग असतंच, तेव्हा हात साबणाने धुवावे लागतातच. बापू हात धुतात. किती धुतात म्हणाल तर सोवळ्यातली आमची आजी शरमेने खाली मान घालेल इतके.

गोळ्या भाजायला चुलाण लागतं, म्हणजे ब्रेड भाजायचा छोटा ओव्हन, आणि साधारण दोनशे अंश सेल्सिअस उष्णता. शिसं 327 अंशांना वितळतं, तेव्हा मधे बऱ्यापैकी पट्टा सुरक्षित आहे, पण स्वस्तातल्या ओव्हनवरचे आकडे हे केवळ मत असतं. बापूंनी पहिली खेप घरातल्या ओव्हनमध्ये भाजली होती. ही हकीकत मला बापूंच्या सौभाग्यवतींनी सांगितली आणि सांगताना त्यांचा आवाज एवढ्या वर्षांनीही चढला. शिसं भाजलेल्या ओव्हनमध्ये अन्न करायचं नसतं, हे खरंच आहे. त्या दिवशी तो ओव्हन गॅरेजात गेला. त्यावर लाल अक्षरांत ‘अन्नासाठी नाही’ असं लिहिलंय आणि खाली वहिनींनी पेन्सिलीने ‘आता नाही’ असं लिहिलंय.

पावडर गोळीला चिकटावी म्हणून कारखान्यात वीजभारित फवारणी करतात. गॅरेजातल्या लोकांनी त्यावर तोड काढली. प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या, पावडर आणि खेळण्यातल्या बंदुकीचे काळे प्लॅस्टिकचे मणी घालायचे आणि डबा जोरजोरात हलवायचा. घर्षणाने स्थिर वीज तयार होते, पावडर चिकटते. पण डबा कोणताही चालत नाही. डब्याच्या तळाशी त्रिकोणात जो आकडा असतो तो 5 हवा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, अशी या पंथाची दृढ श्रद्धा आहे. यासाठी लोक गोड क्रीमचे डबे विकत आणतात, क्रीम शेजाऱ्यांत वाटतात आणि डबा ठेवून घेतात. मधुमेही शेजाऱ्यांचे फार हाल होतात.

आमच्या हिने एकदा वहिनींना साबुदाण्याची खिचडी पाठवली ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मराठी बाईकडे श्रीखंडाचा रिकामा डबा नाही असं कधी होत नाही. टेक्सासातही होत नाही. बापूंनी झाकण उघडण्याआधी डबा उलटा केला. खिचडी झाकणाला लागली. तळाशी 5 होता. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आषाढी एकादशीला टीव्हीवर पाहिलंय. दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. असे आणखी आहेत का? आमच्या हिने पाच दिले, दोन राखून ठेवले. “तुमच्या या डब्यांवर रंग सगळ्यात सारखा बसतो,” असं ते पुढे आठवडाभर सांगत होते. भिंत जाड असते म्हणून, की श्रीखंडाच्या तुपकटपणामुळे, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. कंपनीला याची कल्पना नसावी.

मग प्रश्न राहतो रंगाचा. लाल, निळा, हिरवा, जांभळा. रंगाने गोळीच्या उडण्यात फरक पडतो का? नाही, असं बापू पहिल्या वाक्यात सांगतात. पुढची पाऊणशे वाक्यं अपवादांची असतात. काही रंग डब्यात हलवून नीट चिकटतात, काही रुसतात. इतकंच त्यात शास्त्र आहे. बाकीची हौस. त्यांचे एक मित्र प्रत्येक वजनाला वेगळा रंग देतात, म्हणजे घोळ होत नाही. दुसरे एक सगळ्याच जांभळ्या करतात आणि कारण सांगत नाहीत. बापू स्वतः लाल पक्षाचे. मी सहज म्हणालो, आमच्याकडे अबोली रंग छान दिसतो. तेव्हापासून ते तो रंग शोधतायत आणि माझ्याकडे नमुना मागतायत. आमच्या हिने एक जुना ब्लाउज दिला. तो सध्या गॅरेजात पिनेने टोचलेला आहे. वहिनींनी त्याबद्दल विचारलं तेव्हा बापूंनी दिलेलं उत्तर सत्य असूनही फार कमी पडलं.

रंग दिला की परीक्षा. अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या चिंधीने गोळी पुसायची; रंग उतरला तर भाजणं कच्चं. मग ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी करायची. लेपाचे पापुद्रे सुटले तर नापास. म्हणजे पास होणाऱ्या गोळीचंही परीक्षेत सपाट भजं होतं. पितळेचं तोंडही थोडं जास्त फाकवून घ्यावं लागतं, नाहीतर गोळी बसवताना पुंगळीची कडाच लेप खरवडते आणि सगळी मेहनत गॅरेजच्या फरशीवर.

वजनाचं प्रकरण तर आमच्या हिने हातात घेतलं. या लोकांचं माप ग्रेन. एका पौंडात 7000. दारू ते ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. आणि ब्रिटिशांनी 1833 मध्ये आपला तोळा कायद्याने ठरवला तो बरोबर 180 ग्रेनचा. बापूंच्या कपाटात 180 ग्रेनच्या गोळ्यांचे डबे आहेत. म्हणजे प्रत्येक गोळी एक तोळ्याची. मी हे सांगितल्यावर ही उठली, कानातल्या कुड्या काढून त्या काट्यावर ठेवल्या, आकडा पाहिला, 180 ने भागला आणि पुण्याला फोन लावला. पुढे सराफाशी जे बोलणं झालं त्यात टेक्सासचा उल्लेख वारंवार आला. बापूंना भाषा कळली नाही, पण तो काटा इतका अचूक आहे हे प्रथमच कोणाला तरी पटलं याचा त्यांना आनंद झाला.

आता हिशोब. हा सगळा खटाटोप पैसे वाचवण्यासाठी आहे, हे विसरू नका. दुकानातल्या काडतुसापेक्षा घरचं स्वस्त पडतं हे अगदी खरं. त्यासाठी प्रेस लागतो. आधी एका वेळी एकच काम करणारा साधा घेतात, मग दांडा ओढला की एक तयार काडतूस बाहेर पडणारा. मग साचे, काटा, मापं, गोळीचा वेग मोजायचं यंत्र. गोळ्या ओतायचं शिसं पूर्वी टायरवाल्यांकडे मिळे; चाकांचा तोल साधायला लावलेली वजनं शिशाची असत. मग कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्यावर बंदी आणली, इतरत्रही जस्त आणि पोलाद आलं, आणि जस्ताचा एक तुकडा चुकून भांड्यात गेला तर अख्खा घाणा नासतो. 2020 नंतर प्रायमर दुकानांतून गायब झाले, मिळाले तर तिप्पट भावाने. तेव्हा बापूंनी टंचाईवर उपाय म्हणून आणखी एक प्रेस घेतला. भरायला काही नव्हतं, पण भरायची क्षमता दुप्पट झाली.

बचत झाली का, असं मी विचारलं. त्यांच्या मंडळींत यावर एकच उत्तर आहे आणि ते सगळे न लाजता देतात: पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त बार काढता येतात. वहिनींनी आकडेमोड केली आहे. त्यांच्या मते बापू वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी फायद्यात येतील, मधे नवा रंग निघाला नाही तर. आणि वरचा तो ‘जास्त बार’ हाही कागदावरच. मी पाहिलंय त्याप्रमाणे बापू गोळ्या मारतात त्याहून कितीतरी जास्त भाजतात. मैदानावर गेले की थोड्या उडवतात, पुठ्ठ्यावरची पाच भोकं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकली जातात का ते पाहतात, पुठ्ठा फ्रिजवर चिकटवतात आणि पुंगळ्या वेचायला वाकतात. काडतूस उडवणं हा त्यांच्या दृष्टीने पुंगळी रिकामी करण्याचा एकमेव कायदेशीर मार्ग आहे. बंदूक फक्त त्यासाठी.

मला त्यांचं यात काही चुकतं असं वाटत नाही. माणूस सत्तरीला आला की त्याला सकाळी उठून जायला एक जागा लागते आणि तिथे दुसऱ्या कोणाला काही कळत नसलं तर उत्तमच. बंदुकांबद्दल अमेरिकेत जे रणकंदन चालतं त्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. गॅरेजात मात्र ओव्हनची घंटी वाजली की दोन्ही पक्षांचे शेजारी रंग बघायला जमतात.

मायदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय घरी काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा श्रीखंडाचे डबे साखर-रव्यासाठीच ठेवा. ज्यांना धातूवर काहीतरी चढवायची हौस स्वस्थ बसू देत नसेल त्यांनी माळ्यावरची पितळी पातेली काढावीत. आणि पुण्यात भाता घेऊन दारावर येणारा कल्हईवाला अजून कोणाला माहीत असेल तर कृपया त्याला एक विचारून ठेवा: किती अंशांवर? बापूंची वही उघडीच आहे.